गोळी चालवायचा निर्णय रोबोवर सोपवावा का?

प्रश्न: युक्रेनच्या युद्धात जमिनीवरून चालणारी रोबो-वाहनं दारूगोळा पोचवतात, जखमींना मागे आणतात. काहींवर मशीनगनही आहे. आपली माणसं वाचत असतील तर विरोध कशाला?

प्रतिसाद १: मी सैन्यात सुरुंग निकामी करायचं काम केलंय. तसल्या जमिनीवर माणूस पाठवूच नये, रोबोच पाठवावा, असं मला मनापासून वाटतं. पण कुणाला मारायचं हे यंत्रानं ठरवायला माझा ठाम विरोध आहे. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेनं तळावर परतणारं ब्रिटिश टॉर्नेडो विमान क्षेपणास्त्र समजून पाडलं. आतले दोघेही गेले. आणि तिथे तर पडद्यासमोर माणसं बसलेली होती! शरण येणारा, जखमी होऊन पडलेला सैनिक यंत्राला कसा ओळखू येणार?

प्रतिसाद २: पण शत्रूनं जॅमिंग केलं, म्हणजे रेडिओ संदेश अडवले, की दूर बसलेल्या चालकाचा रोबोशी संपर्क तुटतो. मग स्वतः निर्णय घेणारं यंत्रच टिकतं.

प्रतिसाद १: म्हणूनच तर भीती वाटते. संपर्क तुटला की यंत्रानं गोळीबार थांबवावा, असा आंतरराष्ट्रीय नियम हवा. नाहीतर निरपराध माणूस मेल्यावर खटला कुणावर भरणार, प्रोग्रॅमरवर की कमांडरवर?