‘पेवॉल’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

वर्तमानपत्रं ऑनलाइन बातम्यांसाठी पैसे कसे घेतात, यावरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. त्यात ‘पेवॉल’ (पैसे भरल्याशिवाय बातमी उघडू न देणारी व्यवस्था) हा शब्द पानोपानी येतो. शुल्कभिंत, देयभिंत, सशुल्क कुंपण असे पर्याय वाचनात आले, पण बोलताना एकही तोंडात बसत नाही. नमुन्याला दोन वाक्यं देते: ‘न्यूयॉर्क टाइम्सने २०११ साली … उभारली.’ ‘बातमी …मागे असल्यामुळे वाचता आली नाही.’ शिवाय सबस्क्रिप्शनला ‘सदस्यता’ लिहू की ‘वर्गणी’?

प्रतिसाद

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तिथे माझं मत ठाम आहे. ‘वर्गणी’ लिहा. आपल्या नियतकालिकांत पिढ्यान्‌पिढ्या ‘वार्षिक वर्गणी’, ‘आजीव वर्गणीदार’, ‘वर्गणी संपली असल्यास कळवावे’ असंच छापलं जातं. ‘सदस्यता’ हिंदीतून आलेली आहे. मराठीत सभासद असतो तो संस्थेचा. त्याला वार्षिक सभेत बोलता येतं, मत देता येतं. पैसे भरून वाचणारा माणूस वर्गणीदार.

आता गंमत अशी की दैनिकाच्या बाबतीत घरात कुणी ‘वर्गणी’ म्हणत नाही. दैनिक आपण *लावतो*. दूध लावतो, डबा लावतो, मुलांना शिकवणी लावतो, तसा पेपर लावतो. ‘आम्ही दोन पेपर लावलेत’, ‘इंग्रजी पेपर बंद केला’ ही वाक्यं कुणालाही समजावून सांगावी लागत नाहीत. या एका क्रियापदात अख्खा व्यवहार येतो: वस्तू रोज न मागता दारात येणार, पैसे महिना संपल्यावर पेपरवाल्याच्या बिलाप्रमाणे द्यायचे, गावाला जाताना ‘आठ दिवस टाकू नका’ म्हटलं की पुरे, आणि नको झाला तर तोंडी सांगून बंद. वर रद्दीचे पैसे परत हातात.

ऑनलाइन बातमीचे पैसे मागताना हे सगळं उलटं झालं. पैसे आधी, तेही बहुधा वर्षाचे. कार्डाचा तपशील द्यायचा. मुदत संपली की आपोआप पुढे चालू, आणि बंद करायला बटण शोधत फिरायचं. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती वजावटीचे, म्हणजे दर मुदतीला कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे, नवे नियम लागू झाले, तेव्हा कित्येकांच्या कार्डावरून आपोआप जाणारी वर्गणी अडकली. ग्राहकाला आधी कळवल्याशिवाय पैसे कापू नयेत हा नियम मला योग्यच वाटतो. पण ज्यांची वर्गणी अशी अडकली, त्यांतल्या कितींनी ती पुन्हा स्वतःहून भरली असेल? लावलेला पेपर चालू राहतो तो सवयीने, आणि वर्तमानपत्रांचा धंदा या सवयीवरच उभा होता.

म्हणून माझी सूचना: नाम हवं तिथे ‘वर्गणी’, आणि वाक्यात क्रियापद चालत असेल तिथे बेधडक ‘लावणे’. ‘त्यांनी वॉल स्ट्रीट जर्नल ऑनलाइन लावलाय.’ वाचणाऱ्याला नीट कळतं.

प्रतिसाद

‘वर्गणी’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गणपती मंडळाचं पावतीपुस्तक येतं. वाचकाला वाटेल, ऐच्छिक आहे, दिली तर दिली. पेवॉलमध्ये तर पैसे दिल्याशिवाय आत जाताच येत नाही.

प्रतिसाद

तुमचा आक्षेप मोलाचा आहे. इथेच मूळ इंग्रजी शब्दाची अडचण उघडी पडते. ‘पेवॉल’ या एका नावाखाली निदान चार वेगळे व्यवहार येतात. लेखाचं मराठी करताना ते वेगळे दिसायला हवेत.

लंडनच्या ‘द टाइम्स’ने जुलै २०१०मध्ये केली ती कडेकोट व्यवस्था. पैसे भरल्याशिवाय लेख उघडायचाच नाही. याला ‘पूर्ण बंद’ म्हणावं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची तऱ्हा वेगळी. २००५ साली त्यांनी फक्त स्तंभलेखक आणि जुना संग्रह पैशांमागे ठेवला, बातम्या खुल्या. दोन वर्षांत तो प्रयोग गुंडाळला, कारण शोधयंत्रांवरून येणारे वाचक आणि त्यांच्यामागून येणाऱ्या जाहिराती जास्त किमतीच्या वाटल्या. २०११च्या मार्चमध्ये त्यांनी मोजणीची पद्धत आणली: महिन्याला वीस लेख मोफत, एकविसाव्याला पैसे. पुढच्याच वर्षी वीसचे दहा केले. याला मराठीत ‘मीटर’ म्हणायला काय हरकत आहे? रिक्षामुळे हा शब्द घराघरात आहे. ‘टाइम्सने मीटर लावलं’ हे वाक्य ‘मापित शुल्कभिंत’पेक्षा शंभर पटींनी बरं.

चौथा प्रकार ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाचा. बातमी सगळ्यांना खुली, आणि तळाशी वाचकांकडे मदतीची विनंती. तुम्हाला आठवलेली मंडळाची वर्गणी ती हीच. तिथे तुमचा अर्थ तंतोतंत बसतो: काही जण देतात, म्हणून सगळ्यांना मिळतं. पण ‘गार्डियन’ला तर भिंतच नाही! म्हणून सक्तीच्या ठिकाणी ‘वार्षिक वर्गणी’ किंवा ‘मासिक वर्गणी’ लिहा आणि इथे ‘ऐच्छिक वर्गणी’. मुदतीचं विशेषण लागलं की पावतीपुस्तक डोळ्यांसमोर येत नाही.

लेखात उदाहरण हवं असेल तर ‘न्यूजडे’चं जरूर घ्या. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचं हे दैनिक. ऑक्टोबर २००९मध्ये त्यांनी संकेतस्थळ पैसे न भरणाऱ्यांना बंद करून आठवड्याला पाच डॉलर मागितले. तीन महिन्यांनी निव्वळ ऑनलाइन वर्गणीदार निघाले पस्तीस. अर्थात छापील अंक घेणाऱ्यांना आणि त्याच मालकांची केबल घेणाऱ्यांना ते मोफत होतं, त्यामुळे हा आकडा एकटा वाचू नये. तरी ज्या बातम्या दुसरीकडे मिळतात त्यांच्यासाठी कुणी पैसे मोजत नाही, हे त्यातून दिसतंच. लंडनच्या ‘द सन’लाही २०१३मध्ये घातलेलं बंधन २०१५मध्ये काढावं लागलं. उलट ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ १९९०च्या दशकापासून पैसे घेत आला, कारण त्याच्या वाचकाला त्या माहितीवर व्यवसायाचे निर्णय घ्यायचे असतात.

विचारणा करणारीकडून

मीटर आवडलं, तेच घेते. आणखी एक अडचण: ‘फ्री’ला काय? मी सगळीकडे ‘फुकट’ लिहिलं होतं. संपादकांनी ‘विनामूल्य’ केलं.

प्रतिसाद

दोघांनाही मी ‘मोफत’ सुचवेन. ‘फुकट’मध्ये हलकेपणा आहे, शिवाय ‘व्यर्थ’ हाही अर्थ चिकटलेला: ‘सगळी मेहनत फुकट गेली.’ ‘विनामूल्य’ सरकारी फलकावरचं वाटतं. ‘मोफत’ला मराठीत सन्मानाची जागा आहे. गावोगावच्या ‘मोफत वाचनालया’त पेपर मोफत असतात, पण वाचनालयाने ते विकत घेतलेले असतात. देणारा असतो, फक्त तो वाचणारा नसतो. ऑनलाइन बातमी वीस वर्षं मोफत वाटली, तेव्हा देणारा जाहिरातदार होता. ती जाहिरात गूगल आणि फेसबुककडे गेली आणि देणारा उरला नाही. लेखात हे वाक्य कुठेतरी यायला हवं, कारण अजूनही पुष्कळांना वाटतं की पूर्वी बातमीला खर्च नव्हता आणि आता लोभाने पैसे मागतात. तालुक्याच्या गावी बसून बाजार समितीची बातमी आणणाऱ्या वार्ताहराचा खर्च तेव्हाही होता.

‘पीडीएफ’ हाही या विषयातला शब्द समजा. २०२०च्या टाळेबंदीत पेपर घरी येणं थांबलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अख्खे अंक फिरू लागले. ‘आजची पीडीएफ आली का?’ हा घरोघरचा प्रश्न झाला. त्या मे महिन्यात ‘दैनिक जागरण’च्या प्रकाशकांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे अंक वाटणाऱ्या वाहिन्या काढायला सांगितलं. अशा पीडीएफला मात्र ‘मोफत’ म्हणू नका. तिथे ‘फुकट’ बरोबर आहे.

प्रतिसाद

मूळ शब्दाचं राहिलंच की. माझ्या मते ‘पेवॉल’ तसाच ठेवावा. भिंतीला दार नसतं. या व्यवस्थेचा तर सगळा हेतूच माणसं आत यावीत हा आहे. त्यामुळे ‘शुल्कभिंत’ ऐकली की ‘येऊ नका’ असंच कानावर पडतं. पण लिंग कोणतं? मी ‘तो पेवॉल’ही वाचलंय.

प्रतिसाद

स्त्रीलिंगी. ‘फायरवॉल’ आपण ‘ती’ म्हणतो, मागे भिंत आहे म्हणून. त्याच न्यायाने ‘ती पेवॉल’, अनेकवचन ‘पेवॉल’च. सामान्यरूप ‘पेवॉलच्या’, ‘पेवॉलमागे’; ‘पेवॉली’ करू नका.

ताईंची वाक्यं मी अशी लिहीन: ‘न्यूयॉर्क टाइम्सने २०११ साली मीटर लावलं.’ ‘वर्गणी भरलेली नसल्यामुळे बातमी उघडली नाही.’ दुसऱ्या वाक्यात पेवॉल हा शब्दच लागत नाही. तुमच्या लेखात अशा पुष्कळ जागा निघतील. जिथे यंत्रणेबद्दलच बोलणं आहे तिथे ‘पेवॉल’ ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्या.