सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर वेळेआधी रिकामा होतोय, गळती शोधायची कशी?

टिळकवाडी_टँक
नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीला माझा तीन फुटी प्लान्टेड टँक (जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक) आहे. दोन किलोचा सिलिंडर, दोन काट्यांचा रेग्युलेटर, सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व), बबल काउंटर आणि सिलिकॉनची नळी असा सेट. सेकंदाला एक बुडबुडा, तोही फक्त दिवे असतात तेव्हा. मागच्या वेळी भरलेला सिलिंडर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकला होता. यंदा गणपतीत भरून आणला तर दिवाळी यायच्या आत संपला. गंमत म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत सिलिंडरचा दाब दाखवणारा मोठा काटा जागचा हलला नव्हता, मग एकदम खाली बसला. जोडून देणाऱ्या मुलाने सिलिंडरच्या नटाला टेफलॉन गुंडाळलंय. सिलिंडर टँकखालच्या बंद कपाटात आहे, आई म्हणते गॅस गळतोय तर घरात काडी ओढायची नाही.

उद्यमबाग_फिटर
सर, आमच्या शॉपमध्ये सीओटू वेल्डिंग चालतं, हे दुखणं रोजचं आहे. पहिली गोष्ट, मोठ्या काट्यावर विसंबू नका. सिलिंडरात सीओटू द्रवरूपात असतो. तळाला थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी वरचा दाब तेवढाच राहतो, 20 अंशांना साधारण 57 बार, 30 ला 72 च्या आसपास. म्हणून आपल्याकडच्या पावसाळी गारव्यात काटा जरा उतरला तरी ती गळती नव्हे, आणि काटा ठाम असला म्हणून गळती नाही असंही नव्हे. द्रव संपला की मग तो झपाट्याने पडतो, तुमचं तेच झालंय. खरा हिशेब वजनाचा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. भरून आणलात की वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहून ठेवा, दर रविवारी परत बघा.

आता तो टेफलॉन. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मधला जोड आट्यांवर सील होत नाही, तो आतल्या वायसरवर होतो. आटे फक्त ओढून धरतात. तिथं टेप लावली की नट घट्ट वाटतो पण वायसर नीट दाबला जात नाही, वर टेपचे तुकडे रेग्युलेटरात जातात ते वेगळंच. सगळी टेप काढा, दोन्ही बाजू कोरड्या कापडाने पुसा, नायलॉनचा नवा वायसर घाला. दर भरणीला नवा. पाना लावून जोर करत बसू नका, फार आवळलं की वायसर चेपून वाकडा होतो आणि तिथूनच गळतं. रेग्युलेटरच्या बॉडीत जे निमुळते आट्यांचे जोड आहेत, काट्यांचे वगैरे, टेफलॉन त्यांच्यासाठी.

मग परीक्षा. रात्री सोलेनॉइड बंद असताना सिलिंडर उघडा, दाब भरू द्या, आणि सिलिंडर परत बंद करा. काटा कुठं आहे त्याचा फोटो काढा. आता रेग्युलेटरात गॅस चिमूटभरच आहे, त्यामुळे बारीक गळती असली तरी सकाळपर्यंत काटा पडलेला दिसेल. बबल काउंटरवरही नजर ठेवा. सोलेनॉइड बंद असून बुडबुडे येत असतील तर तोच आतून पास होतोय, बाहेर साबण लावून काही सापडणार नाही. आणि काटा रात्रभर ठाम राहिला तरी सिलिंडरच्या चावीचा स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, तपासायचा राहतो. तो चावी उघडी असतानाच गळतो.

साबणाचं पाणी घट्टसर करा, ब्रशने एकेका जोडाला लावा आणि घाई न करता थांबा. मोठी गळती लगेच फेस काढते, बारीक असली तर दोन मिनिटांनी मोहरीएवढा फुगा दिसतो. सोलेनॉइडची वायर आधी काढून ठेवा. टँकच्या पाण्यात साबणाचा थेंब जाऊ देऊ नका, माशांच्या कल्ल्यांना बाधतो.

खानापूर_हिरवळ
फिटर दादांनी सगळं सांगितलंच आहे, नळीचं मी सांगते. सिलिकॉन एअर पंपाला ठीक, सीओटू त्याच्या भिंतीतूनच झिरपतो आणि साबणाला फेसही येत नाही. पीयूची (पॉलियुरेथेनची) नळी घ्या, न्यूमॅटिकच्या दुकानात मीटरवर मिळते. टोक कात्रीने तिरकं कापू नका, ब्लेडने सरळ, नाहीतर पुश फिटिंगमध्ये सील होत नाही. आईंना सांगा, हा गॅस पेटत नाही. पण हवेपेक्षा जड असतो, वास नसतो, खाली साचतो. म्हणून कपाटाचं दार उघडं ठेवा, खोलीची खिडकीही. सिलिंडर उभाच हवा, आडवा झाला तर द्रव रेग्युलेटरात शिरतो.

टिळकवाडी_टँक
काल भरून आणला. टेप काढली, आतला वायसर एका बाजूला पार चेपलेला निघाला. नवा घातल्यावर नटाला फेस नाही, काटाही सकाळी जागेवर होता. पण बबल काउंटरच्या झाकणापाशी अजून एक फुगा येतोय. तिथं टेप चालेल का?

उद्यमबाग_फिटर
नको. तिथं ओ-रिंग असते. काढून बघा, चिरली असेल तर त्याच मापाची नवी आणा, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा आणि हातानेच आवळा. वजन लिहिलंत की नाही?

टिळकवाडी_टँक
लिहिलं, कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय. ओ-रिंग उद्या खडे बाजारात बघतो.