काउंटी कोर्टाच्या नोंदी: पूर्ण खुल्या की अर्ध्या झाकलेल्या?

पूर्वखाडी (धागाकर्ता)

अमेरिकेत काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) कोर्टाची फाइल ही लोकांची असते. क्लार्कच्या, म्हणजे कोर्टाचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत कोणीही जावं, कारण न सांगता फाइल मागावी, वाचावी, प्रती घ्याव्यात. १९७८ च्या 'निक्सन विरुद्ध वॉर्नर कम्युनिकेशन्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला आहे. माझी तक्रार अशी की कॅलिफोर्नियात हा हक्क कागदावर शाबूत ठेवून व्यवहारात दुबळा केला जातोय, आणि त्याची झळ आपल्यासारख्या ठरावीक आडनावांच्या लोकांना जास्त बसते.

रिव्हरसाइड काउंटीच्या कोर्टाच्या संकेतस्थळावर पूर्वी फौजदारी खटले शोधताना नावासोबत जन्मतारीख किंवा लायसन्स नंबर घालता यायचा. तिथे कोणाची जन्मतारीख दिसत नव्हती. ती शोधणाऱ्याला आधीच माहीत असावी लागे, आणि जुळली तरच नोंद समोर येई. २०२१ मध्ये राज्याच्या अपील कोर्टाने हे नियमबाह्य ठरवलं. निर्देशिकेत, म्हणजे खटल्यांच्या नावनिहाय यादीत, जन्मतारीख द्यायची नाही असा नियम आहे, म्हणून तिच्यावरून शोधूही द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ लावला. मग इतर काही काउंट्यांनीही ही सोय काढून टाकली. २०२२ मध्ये विधिमंडळाने ती परत आणणारं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला.

आता जोशी, पाटील, कुलकर्णी अशा आडनावाच्या माणसाचं काय होतं ते पाहा. माझ्या एका मित्राला नोकरी मिळाली, पार्श्वभूमी तपासणी सुरू झाली. निर्देशिकेत त्याच्याच नावाचे बरेच जण निघाले. त्यातला हा कोण, हे कळायला एकेक फाइल काउंटरवर मागवून आतले कागद बघावे लागतात, आणि कर्मचारी मोजके. गडी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, जुनी नोकरी सुटलेली, नवी धरायला ६० दिवसांची मुदत डोक्यावर. ज्याच्या नावावर साधं पार्किंगचं तिकीट नाही, त्याने दुसऱ्याच्या गुन्ह्याचा खुलासा करत बसायचं.

मोठ्या कंपन्या कोर्टात माणसं पाठवून काम करून घेतात. अडतो तो सामान्य माणूस. नोंद खुली असेल तर ती पूर्ण खुली हवी, घरबसल्या, फुकट आणि अचूक शोधता येईल अशी.

रानजाई

पूर्वखाडी, मित्राबद्दल खरंच वाईट वाटलं. पण तुमच्या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

ज्या निक्सन खटल्याचा दाखला दिलात, त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही लिहिलंय, आणि माध्यमांनी मागितलेल्या निक्सन यांच्या संभाषणांच्या टेपच्या प्रती मिळाल्या नाहीत. पुढे १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालय 'रिपोर्टर्स कमिटी' खटल्यात याहून महत्त्वाचं बोललं. देशभरच्या कोर्टांत, काउंटीच्या दप्तरांत, पोलिस ठाण्यांत विखुरलेली माहिती कोणी कष्टाने गोळा करणं वेगळं आणि तीच एका जागी संगणकावर तयार मिळणं वेगळं. शोधायला कष्ट पडतात हेच माणसाचं संरक्षण असतं. ते काढून घेताना दहादा विचार करायला हवा.

मी घरगुती हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांना कागदपत्रांत मदत करते. घटस्फोटाच्या फाइलमध्ये काय काय असतं माहितेय? पगार, बँकेतल्या शिलका, मुलांची शाळा, डॉक्टरांचे अहवाल, आणि नवऱ्याने बायकोच्या चारित्र्यावर उडवलेला चिखल. हे कोणा नातलगाने पुण्यात बसून रात्री अकरा वाजता वाचावं का? कॅलिफोर्नियाचा नियम म्हणतो की कौटुंबिक, फौजदारी, छळप्रतिबंधक आदेशांच्या फायली इंटरनेटवर नकोत, कोर्टात येऊन बघा. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये तर घटस्फोटाची फाइल पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून इतरांना १०० वर्षं बंद असते.

चाफा

रानजाई, +१.

टेक्सासी पुणेकर

आणि फ्लोरिडात तीच फाइल बहुतेक खुली! एका देशात एकाच संसाराची कागदपत्रं एका राज्यात शतकभर कुलुपात आणि दुसऱ्या राज्यात क्लार्ककडे कोणालाही खुली.

नवख्यांसाठी थोडी माहिती देतो, कारण बरेच जण पेसरवर शोधतात आणि काही सापडलं नाही की खटलाच नाही असं समजतात. पेसर ही नोंदी शोधायची ऑनलाइन सेवा फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांसाठी आहे. पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर माफ. घटस्फोट, भाडेकरूचे वाद, वारसा, बहुतेक फौजदारी खटले हे सगळं राज्याच्या कोर्टात, म्हणजे काउंटीत. ते पेसरवर कधीच दिसणार नाही. आधी काउंटी कुठली ते ठरवा, मग तिथला क्लार्क कोण ते बघा. आमच्या टेक्सासात डिस्ट्रिक्ट क्लार्क वेगळा आणि काउंटी क्लार्क वेगळा. मोठा गुन्हा आणि घटस्फोट सहसा पहिल्याकडे, मृत्युपत्र आणि किरकोळ गुन्हा दुसऱ्याकडे. चुकीच्या खिडकीवर उभे राहिलात तर 'नोंद नाही' असंच उत्तर मिळतं, आणि त्यांच्या बाजूने ते खरंही असतं.

आपल्या नावांचा घोळ निराळाच. पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडलेलं, दंडाच्या तिकिटावर ते गळलेलं, कोर्टात ते आडनावाच्या जागी बसलेलं. चव्हाण तर इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात. सगळी रूपं घालून बघा.

मुद्द्यावर मत: पूर्वखाडींशी सहमत. विस्कॉन्सिनमध्ये १९९९ पासून राज्यभरच्या सर्किट कोर्टांच्या नोंदी इंटरनेटवर फुकट बघता येतात, आणि त्या संकेतस्थळावर मालकांना बजावलेलं आहे की अटकेच्या किंवा शिक्षेच्या नोंदीवरून उमेदवाराला डावलणं बेकायदा ठरू शकतं. नोंद उघडी ठेवा, तिचा गैरवापर करणाऱ्याला पकडा.

अधांतरी

गैरवापर करणाऱ्याला पकडा म्हणणं सोपं आहे. घरमालकाला कसं पकडणार? तो 'दुसऱ्या कोणाला जागा दिली' एवढंच सांगतो आणि विषय संपतो.

आमच्यावर घर खाली करण्याचा दावा झाला होता. भाडं वेळेवर भरलेलं, बँकेचे कागद होते, दावा फेटाळलाही गेला. पण ते दुसऱ्या राज्यात. तिथे दावा दाखल झाला त्या दिवसापासून नोंद सगळ्यांना दिसत होती. भाडेकरू तपासणाऱ्या कंपन्या 'दाखल' एवढंच उचलतात, पुढे काय झालं ते बघायला थांबत नाहीत. मुलांची शाळा सुरू व्हायच्या तोंडावर दारोदार फिरलो. बायको प्रत्येक ठिकाणी कागदांची पिशवी घेऊन यायची, कोणी उघडून बघितली नाही.

कॅलिफोर्नियात २०१६ च्या कायद्याने हे बदललं. असा दावा सुरुवातीला झाकलेलाच राहतो आणि ६० दिवसांत घरमालक जिंकला तरच सगळ्यांसाठी उघडतो. ज्या राज्याला तुम्ही नावं ठेवताय, त्या राज्याने हे केलंय.

पूर्वखाडी

अधांतरी, त्या कायद्याला माझा विरोध नाही. न्यायनिवाडा होण्याआधी आरोपाची दवंडी नको, हे मान्य. पण तुमच्या बाबतीत त्रास अर्धवट नोंदीमुळे झाला. निकाल ठळक दिसला असता आणि कंपन्यांना तो द्यावाच लागला असता तर?

रानजाई, घटस्फोटाच्या आतल्या कागदांचं मी बोलतच नाहीये. ते काउंटरवरच राहू देत. मी बोलतोय निर्देशिकेबद्दल: नाव, खटल्याचा नंबर, प्रकार, निकाल. शिवाय संरक्षण आदेशातल्या व्यक्तीची ओळख किंवा ठिकाण उघड होईल अशी माहिती इंटरनेटवर टाकायला फेडरल कायद्यानेच राज्यांना मनाई आहे. आणि काउंटर म्हणजे काय, हेही सांगायला हवं. कामाच्या दिवशी रजा टाका, सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे रहा, सार्वजनिक संगणक मोकळा व्हायची वाट बघा. पानाला ५० सेंट, आणि शोधायला क्लार्कला १० मिनिटांहून जास्त लागली तर १५ डॉलर. तासावर राबणाऱ्या माणसाने हे कसं करायचं? कष्ट हेच संरक्षण म्हणता, पण ते कष्ट गरिबालाच पडतात. पैसेवाला माणूस पाठवतो.

वकील_साताराकर

इकडचा, भारतातला अनुभव सांगतो, तुलना करायला उपयोगी पडेल. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयाचा खटला पक्षकाराच्या नावाने फुकट शोधता येतो. जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष निवडावं लागतं, किंवा खटल्याचा १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक असेल तर थेट. तारखा दिसतात, बरेचसे आदेशही. पण दावा, कैफियत, पुरावे तिऱ्हाइताला नाहीत. पक्षकार नसाल तर नक्कल विभागात अर्जासोबत कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. माहिती अधिकारात मागू म्हणाल तर तोही रस्ता बंद. २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांत प्रती मिळायची सोय असेल तर तिकडूनच घ्या.

कारण न सांगता फाइल मिळते हे वाचून मला तुमचा हेवा वाटतो. 'का हवी?' हा एक प्रश्न विचारला की निम्मे लोक परत फिरतात. तो हक्क गमावू नका एवढंच म्हणेन.

मेघना_न्यूजर्सी

थोडं अवांतर, पण निकडीचं आहे. माझ्या भावाचं विद्यार्थी असताना दुकानातल्या वस्तूवरून किरकोळ प्रकरण झालं होतं, ते रद्द झालं आणि नंतर नोंदही पुसली गेली. आता नागरिकत्वाचा अर्ज भरायचा आहे. पुसलं गेलंय म्हणजे सांगायची गरज नाही ना?

टेक्सासी पुणेकर

मेघनाताई, सांगावं लागतं! पुसलेलं, झाकलेलं, रद्द झालेलं, सगळं. ज्या काउंटीत प्रकरण झालं तिथल्या क्लार्ककडून अंतिम निकालाची शिक्क्याची प्रत मागवा. कधी कधी किरकोळ प्रकरणांच्या फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. तसं झालं असेल तर 'आमच्याकडे नोंद नाही' असं क्लार्कच्या शिक्क्यानिशी पत्र घ्या. अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवाच.

फिली_वाला

मी पेनसिल्व्हेनियातून. इथे दोन्ही टोकं बघितली आहेत. २०१८ च्या 'क्लीन स्लेट' कायद्याने जुन्या किरकोळ गुन्ह्यांच्या आणि शिक्षा न झालेल्या खटल्यांच्या नोंदी आपोआप झाकल्या जातात, अर्जसुद्धा करावा लागत नाही. मला तो कायदा पटतो.

पण झाकण्याचा दुसरा चेहरा म्हणजे याच राज्यातली लुझर्न काउंटी. तिथले दोन न्यायाधीश, सिव्हरेला आणि कॉनहान, खासगी बालसुधारगृहांशी संबंधित लोकांकडून २० लाखांहून अधिक डॉलर खाऊन बसले होते, आणि मुलांना फुटकळ कारणांवरून आत पाठवलं जात होतं. कित्येक मुलांच्या बाजूला वकीलसुद्धा नव्हता. बालन्यायालयाचं कामकाज गोपनीय, फायली गोपनीय. हे वर्षानुवर्षं चाललं. २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हजारो निवाडे रद्द केले, २०११ मध्ये सिव्हरेलाला २८ वर्षांची शिक्षा झाली. गोपनीयता मुलांसाठी होती, आडोसा न्यायाधीशांना मिळाला. रानजाई, याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं.

रानजाई

फिली_वाला, देते. मुलांची नावं झाका, आकडे उघडे करा. कोणत्या न्यायाधीशाने किती मुलं आत पाठवली, किती जणांना वकील होता, हे सांगायला एकाही मुलाचं नाव लागत नाही.

पूर्वखाडी, 'फक्त निर्देशिका' म्हणता, त्यातच माझी खरी भीती आहे. तुमची सगळी भिस्त या गृहीतकावर आहे की जन्मतारीख माहीत असलेला माणूस भल्या हेतूचा असतो. बायको ज्याच्यापासून पळून गेली त्या नवऱ्याला तिची जन्मतारीख पाठ असते! ती नवीन काउंटीत जाते. तिथे वेगाचं तिकीट मिळतं, घरमालकाशी वाद होतो, नाव बदलायचा अर्ज होतो. फाइलमधला पत्ता झाकलेला असला तरी 'अमुक काउंटीत या बाईचा खटला आहे' एवढ्यावर त्याचा शोध राज्यभरावरून एका गावावर येतो. नुसत्या नावाने शंभर जणी निघतात, त्या गर्दीत ती सुरक्षित असते. तुम्ही त्या गर्दीतून तिला नेमकी बोट दाखवून बाहेर काढताय.

पूर्वखाडी

हा मुद्दा वजनदार आहे. कॅलिफोर्नियाची 'सेफ ॲट होम' योजना पत्ता आणि नावबदल लपवते, पण काउंटी लपवत नाही, हे खरं.

मग असं करता येईल: जन्मतारखेवरून शोध फक्त त्या व्यक्तीच्या लेखी संमतीने. नोकरीसाठी तपासणी करणाऱ्या कंपनीला फेडरल कायद्यानुसार उमेदवाराची लेखी परवानगी तशीही घ्यावीच लागते. तीच कोर्टाला जोडा, जन्मतारीख जुळवा, हो की नाही ते सांगा. माझ्या मित्राचं काम एका दिवसात झालं असतं, आणि पळून आलेल्या बाईच्या नवऱ्याकडे तिची संमती असणार नाही. नुसत्या नावाचा शोध मात्र सगळ्यांना घरून फुकट हवाच. त्यावरून मी हटणार नाही.

रानजाई

संमतीवाली सोय मान्य. घरून फुकट नावशोध, फौजदारी आणि कौटुंबिक खटल्यांसाठी, अजूनही नामंजूर.

फिली_वाला

तुमचं दोघांचं जमत आलंय, पण त्यात न्यायाधीश कुठेच नाही. बहुतेक काउंट्यांत पक्षकाराच्या नावाने किंवा खटल्याच्या नंबरने शोधता येतं, न्यायाधीशाच्या नावाने नाही. रानजाईंनी वर जे आकडे उघडे करा म्हटलं, ते मिळवायला आज पत्रकाराला क्लार्कची मनधरणी करावी लागते. व्हेंच्युरा काउंटीत नव्याने दाखल झालेले दिवाणी दावे वेळेवर बघायला मिळावेत म्हणून कोर्टाच्या बातम्या देणारी एक संस्था २०११ ते २०२० खटला लढत होती, आणि ते तर पहिल्याच दिवसापासून सार्वजनिक असलेले कागद. जन्मतारखेची ही चर्चा संपली की यावर वेगळा धागा काढू. पुढच्या आठवड्यात माझ्या काउंटीच्या क्लार्ककडे न्यायाधीशनिहाय यादीसाठी लेखी अर्ज करतोय. कोणाला आपापल्या काउंटीत करायचा असेल तर मसुदा इथेच टाकतो.