वडील वारले, पीएम किसानचा हप्ता आईच्या नावावर कसा करायचा?

जत_डाळिंब: नमस्कार. आमची जत तालुक्यात साडेतीन एकर जमीन, बाजरी-तूर आणि थोडं डाळिंब. वडील दिवाळीआधी वारले, सातबारा त्यांच्याच नावावर आहे. त्यानंतरही २००० चा एक हप्ता त्यांच्या खात्यावर पडलाय. चुलते म्हणतात, आईचं नाव कशाला, पोरांचीच लावा, पुढं परत फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याचा, ताप नको. आईला हप्ता मिळायला काय करावं? बहीण मिरजेला दिलीय, तिचं काय?

सावळजची_वहिनी: भाऊ, आधी ते २००० काढू नका. माणूस गेल्यानंतर पडलेला हप्ता वसूल होतो. तालुका कृषी कार्यालयात मृत्यूचा दाखला देऊन वडिलांचं नाव बंद करा.

आता आईचं. चुलत्यांचं अजिबात ऐकू नका. आमचे मालक गेले तेव्हा मलाही घरातल्यांनी हेच सांगितलं होतं. मी हटून नाव लावून घेतलं, म्हणून आज बाग माझ्या हिमतीवर चालते. सोसायटीचं कर्ज, ठिबकचं अनुदान, गारपिटीची भरपाई, सगळं सातबाऱ्यावरचं नाव बघूनच येतं. वर्षाचे ६००० त्यातला लहानसा भाग.

मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि आधार घेऊन तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज द्या, महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन पोर्टलवरूनही देता येतो. नोटिशीची मुदत संपली की मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतात. नवा सातबारा हातात आला की एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: आईचं नाव भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारी, म्हणून लागलंय ना? बायकांची नावं सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या वेगळ्या रकान्यात ढकलायची जुनी खोड आहे, आणि तिथं नाव असलं तर हप्ता मिळत नाही.

माणदेशी_७७: वहिनी बरोबर सांगताहेत. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीला पीएम किसान नाही, पण वारसानं आलेली जमीन त्याला अपवाद. त्यामुळं आईचा नवीन अर्ज चालतो. फेरफाराची प्रत जोडा. आणि आईचा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढा, एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना तो लागतोच.

जत_डाळिंब: आईच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. रेशनलाही अडचण येते.

सावळजची_वहिनी: खुरपून खुरपून बायकांच्या बोटांच्या रेघा जातात, माझ्या सासूबाईंचंही तेच. पीएम किसानच्या मोबाईल ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी) होते, उजेडात बसवून करा. खातं मात्र बँकेत जाऊन आधारला जोडून घ्या. एकापेक्षा जास्त खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यावर पडतात, मग माणूस भलत्याच बँकेत चकरा मारत बसतो.

बहिणीचं राहिलं. वारस म्हणून तिचं नाव लागणारच, हिंदू वारसा कायद्यानं आई, मुलगा, मुलगी सगळ्यांचा वाटा सारखा. तिला हक्क सोडायचा असेल तर ती दुय्यम निबंधकाकडं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देईल, पण ते तिच्या मनानं. चुलत्यांनी साध्या स्टॅम्पवर सही घेतली तर ती धरू नका. तिला आजच फोन करून सगळं सांगा, नोटीस तिलाही जाणार आहे.