बर्फाळ पाण्यात उडी मारली तर हिरोला काही व्हायला हवं की नको?

हिमलाट (धागाकर्ता)

स्कायरिम हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा खेळत होतो तेव्हाची गोष्ट. नकाशाच्या वरच्या टोकाला सी ऑफ घोस्ट्स आहे. तिथे बर्फाच्या लाद्या तरंगतात, वारा घोंगावतो, सगळं कसं करडं-पांढरं. त्या पाण्यात मी अंगावर जड चिलखत, पाठीवर दोन हातांनी धरायची कुऱ्हाड आणि झोळीत चीजच्या चकत्या अशा थाटात निवांत पोहत होतो. पलीकडे चढलो आणि लगेच एका अस्वलाशी भिडलो. ना हुडहुडी, ना काही. थंडी हा ज्या खेळाचा जीव, त्यात थंडी म्हणजे नुसता रंगवलेला पडदा! २०११ मध्ये ते खपून गेलं, पण मला तेव्हापासून खटकतंय.

माझं म्हणणं असं की अशा पाण्याने इजा व्हायलाच हवी. २०१७ च्या झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये सुरुवातीच्याच पठारावर रिव्हर ऑफ द डेड नावाची नदी आहे. पाण्यात उतरलं की लिंकची, म्हणजे त्यातल्या हिरोची, हृदयं (जीव मोजायची चिन्हं) एकेक करून कमी व्हायला लागतात. कोणी पाटी लावलेली नाही. आपण उतरतो, दचकतो, बाहेर पळतो आणि मग तिखट मिरच्या शिजवायच्या, हातात मशाल धरायची हे सगळं सुचायला लागतं.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. जे खेळ इजा करतात तेही बहुतेक वेळा नुसता हेल्थ बार (जीव किती उरला ते दाखवणारा पट्टा) उतरवतात, जणू पाणी म्हणजे पातळ केलेलं विष. थंड पाणी माणसाला तसं मारत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेक्ट यांचा १-१०-१ असा एक ठोकताळा आहे. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे आधी श्वास, मग हात, मग जीव. खेळात हाच क्रम ठेवा की! आधी दम अर्ध्यावर येऊ दे, मग कुऱ्हाड हातातून निसटू दे, औषधाच्या बाटलीचं बूच उघडता येऊ नये, आणि हेल्थला हात अगदी शेवटी लावा.

काय वाटतं?

---

गदाधारी

असहमत. ठामपणे.

दिवसभर कामं उरकून रात्री तासभर खेळायला बसतो मी. त्यात औषधाच्या बाटलीचं बूच उघडेना म्हणून मरायचं? राव, आमचा हिरो डोंगराएवढा ड्रॅगन लोळवतो. भर लढाईत खेळ थांबवून मेनूत जातो आणि एका दमात वीस सफरचंदं खाऊन बरा होतो. त्याच्या अंगावरचं चिलखतच त्याला बुडवायला पुरेसं आहे, ते तुम्हाला चाललं. आणि पाणी गार आहे म्हणून तेवढ्यात वास्तव आठवलं?

विचर ३ मध्ये स्केलिगे बेटांचा समुद्र आठवा. त्यातल्या हिरोला, गेराल्टला, थंडीचं काही म्हणजे काही नाही. त्या समुद्रातली नकाशावरची प्रश्नचिन्हं गोळा करता करता माझा अर्धा जन्म गेला, वर थंडीने हेल्थही गेली असती तर तो खेळ मी आजतागायत संपवला नसता.

---

हिमलाट

ड्रॅगन लोळवतो हे खरं, पण ड्रॅगनची आग त्याला भाजते की नाही? भाजते. म्हणजे हिरो असला तरी इजेला नियम आहे.

आणि स्कायरिमला थंडीची इजा ठाऊक नाही असंही नाही. त्यात बर्फाच्या जादूचा वेगळा प्रकार आहे. नॉर्ड वंशाला जन्मतःच त्या थंडीपासून ५० टक्के संरक्षण मिळतं. बर्फाचा मंत्र लागला की हेल्थबरोबर स्टॅमिनाही (दमही) उतरतो, म्हणजे थंडी अंगातलं बळ काढून घेते इथवर त्यांनी बरोबर विचार केलेला. फक्त समुद्रापाशी येऊन विसरले. जादूगाराने फेकलेला बर्फ बोचतो आणि समुद्रातला बर्फ गुदगुल्या करतो, हे कसं?

---

वीस पैलूंचा फासा

हा वाद व्हिडिओ गेमच्या आधीपासून टेबलावर चालू आहे, म्हणून थोडं तिथलं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या ३.५ आवृत्तीत अतिथंड पाण्यात दर मिनिटाला सहा पैलूंचा एक फासा टाकायचा आणि तेवढी इजा घ्यायची. ती जीवघेणी नाही, बेशुद्ध करणारी. पाचव्या आवृत्तीत (२०१४ चं डन्जन मास्टरचं पुस्तक) पद्धत पार बदलली. तुमचा कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) आकडा जितका, तितकी मिनिटं काहीच होत नाही. त्यानंतर दर मिनिटाला फासा टाकायचा. १० च्या खाली आलात तर थकव्याची एक पायरी चढते, आणि सहाव्या पायरीला मृत्यू. ज्यांच्याकडे थंडीपासून संरक्षण आहे ते आपोआप सुटतात. हिट पॉइंट (जीवाचे गुण) थेट उतरत नाहीत. म्हणजे हिमलाट म्हणतात त्या दिशेनेच गाडी सरकली आहे.

फरक एवढाच की टेबलावर खेळ चालवणारा माणूस (डन्जन मास्टर) बसलेला असतो. पात्र नदीत पडलं आणि कथा रंगात आली असेल तर तो म्हणतो, ‘जाऊ दे, निघालास बाहेर, पुढे चल.’ मशीन असं डोळेझाक करत नाही. तिथे नियम लिहिला की तो दर वेळी, प्रत्येक डबक्यात लागू.

अवांतर: याच नियमांवर बेतलेल्या बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेमची तऱ्हा मला जास्त आवडते. तिथे ओलं होण्याने काही बिघडत नाही, पण ओल्या माणसाला थंडीचा आणि विजेचा मार दुप्पट बसतो. आगीचा मात्र कमी. पाणी स्वतः मारत नाही, पुढच्या माराची तयारी करून ठेवतं.

---

अर्धवट कोडर

हिमलाट, तुमची कल्पना कागदावर झकास आहे. मला कसं माहीत? मी ती करून बघितली आहे, म्हणून.

फावल्या वेळात एक छोटा खेळ बनवतोय. त्यात एक गोठत आलेलं तळं आहे. मीही हाच विचार केला होता: आधी श्वास, मग हात, मग हेल्थ. पाण्यात उतरल्यावर थोड्या वेळाने हल्ल्याचं बटण उशिरा लागू होतं, मग तलवार निसटते. फार खूश होतो स्वतःवर. मग पाच मित्रांना खेळायला बसवलं आणि मागे गप्प उभा राहिलो.

पहिला तळ्यात उतरला, बटण दाबलं, तलवार हलली नाही. परत दाबलं. माझ्याकडे वळून विचारतो, ‘कंट्रोलर खराब आहे का रे?’ दुसऱ्याने काही न विचारता सरळ सेल बदलले. तिसरा म्हणाला तुझा खेळ लॅग होतोय. चौथ्याची तलवार पाण्यात पडली, तर त्याने तो बग समजून मला फोटो काढून पाठवला, समोर उभा असताना. पाचव्याला कळलं, पण त्याला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं.

एकालाही ‘गारठलो’ असं वाटलं नाही. सगळ्यांना वाटलं, काहीतरी बिघडलंय.

शेवटी हात आखडणं काढून टाकलं आणि नाइलाजाने हेल्थ बार निळा करून उतरवायला लागलो. दोन सेकंदांत पाचही जण पाण्याबाहेर! हेल्थ बार ही खेळाडूची मातृभाषा आहे. पातळ विष म्हणा नाहीतर काही म्हणा, पण ती समजते.

---

हिमलाट

हे वाचून हसू आवरेना, पण मला वाटतं गडबड कल्पनेत नाही, दाखवण्यात झाली. श्वासाचा आवाज, थरथरणारी बोटं, बोलताना दातावर दात... हे होतं का?

---

अर्धवट कोडर

श्वासाचा आवाज होता. तीन जण आवाज बंद करून खेळत होते. बोटं थरथरायची, पण पात्र पडद्यावर अंगठ्याएवढं दिसतं, त्याची बोटं कोण बघतंय!

---

तळ्यातमळ्यात

थोडी माहितीची भर, कारण दोन्ही बाजूंचे लोक ‘बर्फाच्या पाण्यात पडला की खलास’ असं गृहीत धरतायत.

पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने शरीरातली ऊष्णता वाहून नेतं, हे खरं. पण शरीर हे मोठं भांडं आहे, ते रिकामं व्हायला वेळ लागतो. सुरुवातीलाच जे दगावतात ते गारठून नाही, तर बहुतेकदा धक्क्याने तोंड उघडतं आणि पाणी आत जातं म्हणून. १५ जुलै २००७ ला लुईस प्यू हा माणूस उत्तर ध्रुवावर उणे १.७ अंश पाण्यात नुसत्या पोहण्याच्या चड्डीवर १ किलोमीटर पोहला. १८ मिनिटं ५० सेकंद. आणि १९९९ मध्ये नॉर्वेत एक बाई स्कीइंग करताना ओढ्यात पडून बर्फाखाली ८० मिनिटं अडकली होती. शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, तरी ती वाचली.

त्यामुळे ज्या खेळात पाण्याला पाय लागताच धडाधड हेल्थ उडते, तो ‘वास्तववादी’ नाहीच. नुसता कडक आहे.

---

गदाधारी

हेच तर म्हणतोय! खरा माणूस चड्डीवर १९ मिनिटं पोहतो आणि माझा साठ लेव्हलचा योद्धा अस्वलाचं कातडं पांघरून दहा सेकंदांत मरावा? मुद्दा माझा, सही तुमची. धन्यवाद.

---

तळ्यातमळ्यात

घाई नको. त्या माणसाने त्यासाठी शरीर तयार केलं होतं, उगाच उठून उडी मारली नव्हती. मग ते कौशल्य म्हणून ठेवा ना खेळात. तलवार चालवून तलवार वाढते, कुलपं उघडून कुलपं वाढतात, तसं गार पाण्यात थोडं थोडं उतरून सोसण्याची ताकद वाढावी. पहिल्या लेव्हलला नदी ओलांडताना दातखीळ बसलेला गडी तिसाव्या लेव्हलला तीच नदी हसत पार करतो, यापेक्षा मोठं बक्षीस कोणतं? आणि तुमच्या साठ लेव्हलच्या योद्ध्याला मग काहीच होणार नाही.

---

गदाधारी

...याला लगेच उत्तर सुचत नाहीये. जेवून येतो.

---

कुंपणावरची

मी दोन्हीकडची. पण तुम्ही सगळे इजेच्या मापावर भांडताय आणि ते पाणी तिथे आहेच कशासाठी, हे कोणी विचारत नाही.

ड्रॅगन्स डॉग्मामध्ये (२०१२) खोल पाण्यात गेलं की ब्राइन नावाचं लालभडक काहीतरी येतं आणि गिळून टाकतं. चिलखत, लेव्हल, काही कामाचं नाही. ते कुंपण आहे आणि आपण कुंपण आहोत हे ते लपवत नाही. मला ते चालतं. याउलट गेन्शिन इम्पॅक्टमध्ये डिसेंबर २०२० ला ड्रॅगनस्पाइन डोंगर आला. तिथे थंडीचा एक वेगळा पट्टा भरत जातो, पाण्यात उतरलं की झपाट्याने भरतो, पूर्ण भरला की हेल्थ जायला लागते. पण वाटेवर मशाली असतात, उबदार दिवे असतात. मी पहिल्या दिवशी वैतागले होते, कोडं अर्धं सुटलेलं असायचं आणि पट्टा भरत यायचा. चौथ्या दिवशी लक्षात आलं, मी डोंगराचा नकाशा शेकोट्यांनी लक्षात ठेवतेय. इथून तिथवर एक श्वास, तिथून पुढे दोन. ते पाणी कुंपण नव्हतं, रस्ता होतं, फक्त महागडा.

मला राग येतो तो तिसऱ्या प्रकाराचा. पलीकडच्या काठावर पेटी चमकवायची, म्हणजे ये म्हणायचं. मधे पाणी मारकं ठेवायचं, म्हणजे येऊ नको म्हणायचं. शेकायला काही द्यायचं नाही. असल्या पाण्यापेक्षा हिमलाट यांचा गुदगुल्या करणारा समुद्र परवडला.

---

निवांत पेंढारी

स्कायरिमच्या सर्व्हायव्हल मोडबद्दल कोणीच कसं बोललं नाही? २०१७ मध्ये आला, २०२१ च्या नोव्हेंबरात स्पेशल एडिशनवाल्यांना फुकट झाला. त्यात गोठवणाऱ्या पाण्यात हेल्थ जाते, नुसतं थंडीत राहिलं तरी हेल्थची कमाल मर्यादा आक्रसते. ज्यांना हवं त्यांनी चालू करावं, ज्यांना नको त्यांनी बंद ठेवावं. वाद मिटला.

म्हणजे मला तरी वाटलं होतं मिटला. मग एका रात्री मी त्या समुद्रातून कसाबसा काठावर आलो. हेल्थ चिमूटभर, पडदा गोठलेला. मागे वळून बघतो तर लिडिया, खेळातली माझी सोबतीण, त्याच पाण्यातून शांतपणे चालत वर आली आणि माझ्याकडे ‘पुढचा हुकूम?’ अशा नजरेने बघत उभी. तिला काही नाही. मागून दोन लांडगे, त्यांनाही काही नाही. थंडी फक्त मलाच ओळखते!

---

वीस पैलूंचा फासा

हा या धाग्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि तो विनोदात निघाला. नियम सगळ्यांना लागत नसेल तर ते हवामान नाही, खेळाडूवर बसवलेला दंड आहे.

---

अर्धवट कोडर

पेंढारींचं वाचून काल रात्री पुन्हा प्रोजेक्ट उघडला. हात आखडणं परत आणलं नाही, सेल बदलणारा मित्र अजून डोळ्यांसमोर आहे. श्वासाचा मात्र वेगळा पट्टा ठेवला, पडद्यावर वाफ दाखवली, म्हणजे आवाज बंद असला तरी दिसेल. आणि थंडीचा नियम शत्रूंनाही लावला.

झालं काय, लांडगे तळ्याच्या काठापर्यंत धावत येतात आणि थांबतात. पाण्यात उतरेनात. आज एका मित्राला बसवलं, तर हा पठ्ठ्या सरळ तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला आणि तिथून बाण मारायला लागला. वाफ दाट झाली की दुसऱ्या काठाने बाहेर, जरा शेकायचं, परत पाण्यात. सगळा कळप संपवला. मी हे असं काही लिहिलंच नव्हतं.

---

गदाधारी

जेवून आलो.

लांडग्यांचं आवडलं. बिल्ड (खेळाची चालणारी आवृत्ती) पाठवा. आणि तळ्याच्या पलीकडे पेटी असेल तर आधीच सांगा.