विषय: झाकलं माणिक स्पर्धा – सेफ्टीचा तक्ता रविवारच्या आत बदला

अण्णा, वेक्सफर्ड:

मंडळी,
एनएफएल ड्राफ्टच्या (अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात, त्याच्या) स्पर्धेसाठी युवा समितीने केलेला गुणांचा तक्ता काल रात्री पाहिला. क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) आणि रिसीव्हर (तो झेलणारा) यांची पानं चांगली जमलीत. सेफ्टीच्या, म्हणजे सगळ्यांत मागे राहून बचाव करणाऱ्याच्या, पानावर मात्र १०० पैकी ३० गुण चाळीस यार्ड पळायच्या वेळेला आणि टॅकलिंगला (बॉलवाल्याला धरून पाडायला) जेमतेम १०. हे उलटं झालंय. रविवारी छपाईला जाण्याआधी बदला, नाहीतर मुलं घड्याळ बघून माणूस निवडतील आणि तीच सवय लागेल.

स्पर्धा कशाची आहे? शनिवारी, म्हणजे २५ एप्रिलला, चौथ्या ते सातव्या राउंडमध्ये, म्हणजे निवडीच्या शेवटच्या फेऱ्यांत, जाणाऱ्यांतून झाकलं माणिक शोधायची. मग आधी सापडलेली माणकं कशी होती ते बघा. कॅम चान्सेलर २०१० मध्ये १३३वा निवडला गेला, पाचव्या राउंडमध्ये. टलानोआ हुफांगा २०२१ मध्ये १८०वा, आणि पुढच्याच वर्षी, २०२२ ला, ऑल-प्रोच्या (मोसमातल्या सर्वोत्तमांच्या) पहिल्या संघात. कॅमरन कर्ल २०२० मध्ये २१६वा. त्याच ड्राफ्टमध्ये जिनो स्टोन २१९वा. स्टोन तर आपल्या न्यू कॅसलचा, इथून तासाभराच्या आतला पोरगा. कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना) पळण्यात मागे पडला म्हणून सातव्या राउंडपर्यंत बसून राहिला आणि २०२३ मध्ये बाल्टिमोरकडून ७ इंटरसेप्शन घेतली, म्हणजे समोरच्यांचे सात पास मधेच झेलले.

पहिल्या राउंडमधलंही बघा. काइल हॅमिल्टन चाळीस यार्ड ४.५९ सेकंदांत पळाला म्हणून १४व्या क्रमांकापर्यंत घसरला. आज त्याच्यापेक्षा चांगला सेफ्टी दाखवा मला.

यंदाच्या खेळाडूंची नावं कृपया इथे टाकू नका. मुलं लिस्ट वाचतात.


युवा समिती:

अण्णाकाका,
तक्ता मीच केलाय, म्हणून उत्तर देतो. ३० गुण मुद्दाम ठेवले. वेळ हा आकडा आहे, तो सगळ्यांना सारखाच दिसतो. टॅकलिंगचे गुण कोण देणार? गेल्या वर्षी लाइनबॅकरच्या (सेफ्टीच्या पुढे उभा राहणाऱ्या बचावकर्त्याच्या) पानावर दोन घरांत काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. शेवटी चषक कपाटातच राहिला. यंदा मला ते नकोय.

दुसरी अडचण खरी आहे. सेफ्टी टीव्हीवर दिसतच नाही. कॅमेरा बॉलवर असतो. स्नॅपच्या वेळी (बॉल मागे देऊन खेळ सुरू होतो तेव्हा) मागे १५ यार्डांवर उभा असलेला माणूस चौकटीच्या बाहेर. बॉल हवेत गेला की एकदम पळत आत येतो आणि आपण म्हणतो वा. पण त्याआधीच्या तीन सेकंदांत तो बरोबर जागी होता की उशिरा निघाला, हे कळायला वरून घेतलेली, २२ जण दिसणारी फिल्म लागते. कॉलेजची तशी फिल्म संघांकडे असते, आमच्या हाती सहसा लागत नाही. मग आठवीतल्या मुलाने टीव्हीवरच्या तुकड्यांवरून टॅकलिंगला १० पैकी किती द्यायचे?


नाना, मनरोव्हिल:

युवा समितीचं "शेवटच्या क्षणी चौकटीत येतो" हे वाचून राहवलं नाही. मी सांगलीला अकरा वर्षं कबड्डी खेळलो, मधल्या कव्हरला. आमचे सर एकच गोष्ट घोकून घेत. चढाईवाल्याच्या अंगावर जाऊ नकोस, त्याच्या परतीच्या वाटेवर जा. तो आत्ता कुठे आहे ते बघणारा कव्हर कायम अर्धं पाऊल उशिरा पोहोचतो. तो मध्यरेषेकडे कुठून वळणार हे ज्याला आधी दिसतं, त्याला पळावंच लागत नाही.

सेफ्टीचं हेच आहे. बॉल घेऊन धावणारा कडेने सुटला की चांगला सेफ्टी त्याच्याकडे धावत नाही. आठ-दहा यार्ड पुढे तो जिथे असणार तिथे तिरका निघतो आणि कडेची पांढरी रेघ आपला जोडीदार करून घेतो. कच्चा सेफ्टी सरळ सुटतो, समोरचा एकदा आत वळतो आणि टचडाउन. हा कोन टीव्हीवरसुद्धा दिसतो, कारण तोवर कॅमेरा तिथे आलेला असतो. तेव्हा टॅकलिंगच्या जोडीला "कोन" असा रकाना घाला आणि त्याला २० गुण द्या. कुणाला शिकवावं लागलं तर मी शनिवारी सकाळी मराठी शाळेनंतर अर्धा तास थांबेन. मैदानावर खडूने रेघा मारून दाखवतो.


काकू, नाट्य समिती:

सगळ्यांना नमस्कार. २५ एप्रिलचा हॉल दुपारी १२ ते ५ आमच्याकडे आहे. महाराष्ट्र दिनाच्या एकांकिकेची रंगीत तालीम आहे आणि हे फेब्रुवारीतच ठरलंय. मुलांनी ड्राफ्ट जरूर बघावा, पण तळघरातल्या खोलीत. प्रोजेक्टर आमचा आहे. पाडव्याला केबल तुटलेली परत आली, ती अजून कुणी भरून दिलेली नाही.

आणखी एक. ड्राफ्ट यंदा आपल्या पिट्सबर्गमध्येच आहे, तेव्हा त्या तीन दिवसांत नॉर्थ शोअरकडचे रस्ते बंद असणार, पॉइंट स्टेट पार्कच्या बाजूलाही गर्दी असणार. कलाकारांना पलीकडून यायचंय. कृपया पार्किंगची जागा तालमीसाठी सोडा.


बापू, माउंट लेबनन:

केबलचं मी बघतो, काकू. विषय सेफ्टीचा आहे.

अण्णा, नियमावलीत "चौथा ते सातवा राउंड" असं लिहिलंय. ड्राफ्टमध्ये घेतलाच नाही असा खेळाडू का चालत नाही? ज्या गावात आपण राहतो तिथे ही चूक होऊ नये. डॉनी शेल १९७४ मध्ये साउथ कॅरोलिना स्टेटमधून आला. तेव्हा ड्राफ्ट १७ राउंडचा असायचा. सतराच्या सतरा राउंड संपले, कुणी नाव घेतलं नाही. कॉलेजात लाइनबॅकर होता, स्टीलर्सनी, आपल्या पिट्सबर्गच्या संघाने, त्याला सेफ्टी केलं. १४ वर्षं खेळला, ५१ इंटरसेप्शन, चार सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकले, आणि २०२० च्या तुकडीत हॉल ऑफ फेम.

त्याला हेरलं कुणी? स्टीलर्सचे स्काउट बिल नन यांनी. ते त्याआधी इथल्या 'पिट्सबर्ग कुरियर' या वर्तमानपत्रात क्रीडा विभाग सांभाळायचे. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांचे सामने वर्षानुवर्षं स्वतः जाऊन बघितलेले. ज्या मैदानांवर बाकीचे स्काउट फिरकत नसत, तिथल्या प्रशिक्षकांशी त्यांची घरोब्याची ओळख. त्याच वर्षीची जॉन स्टॉलवर्थची गोष्ट इथे सगळे सांगतात. ओल्या ट्रॅकवर त्याची वेळ वाईट आली, बाकीचे स्काउट निघून गेले. नन आजारी असल्याचं सांगून मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर पुन्हा पळवलं. स्टॉलवर्थ रिसीव्हर होता हे मान्य, पण घड्याळ कुठल्या जमिनीवर लावलं हे विचारायला त्यातून शिकावं. २०२१ मध्ये नन हॉल ऑफ फेममध्ये गेले.

लहान कॉलेजातला सेफ्टी म्हणजे अँटवान बेथीही. हॉवर्ड विद्यापीठ, २००६, २०७वा. पहिल्याच वर्षी इंडियानापोलिसच्या संघात मूळ अकरांत आणि त्याच मोसमात सुपर बोल जिंकला.


माई, क्रॅनबेरी:

मी कधी या विषयावर लिहीत नाही, पण बापूंच्या ओल्या ट्रॅकवर थांबले. आमचा धाकटा हायस्कूलला सेफ्टी खेळायचा हे जुन्या मंडळींना माहीत आहे. अकरावीच्या उन्हाळ्यात एका कॉलेजच्या कॅम्पला घेऊन गेलो. रात्रभर पाऊस, गवत चिखलाने भरलेलं. दोनदा घसरला. हातातल्या घड्याळावर वेळ लिहिली आणि दुपारच्या गटातून नाव गेलं. त्याने वर्षभराची फिल्म जोडून नेली होती. कुणी उघडली नाही. परतताना दोन तास गाडीत एक शब्द बोलला नाही.

त्या फिल्ममध्ये काय होतं ते मी आई असून सांगू शकते, कारण मी शेकडो वेळा बघितलंय. स्नॅपच्या आधी तो हात करून तिघांना हलवायचा. एकाला पुढे, एकाला आत, कॉर्नरला (कडेच्या बचावकर्त्याला) मागे. बऱ्याचदा बॉल त्याच्याकडे यायचाच नाही, कारण जागा आधीच बुजवलेली असायची. आकड्यात काही दिसत नव्हतं. मुलांनो, तुमच्या तक्त्यात "बाकीच्यांना जागेवर लावतो का" यासाठी रकाना नाही. तो ठेवा. स्नॅपआधीचं टीव्हीवर बरंच दिसतं, लांबचा कॅमेरा लावलेला असतो तेव्हा नीट बघा.


भाऊ, मून टाउनशिप:

माई, वाचून वाईट वाटलं. पोराला आमचा नमस्कार सांगा.

पण अण्णा, तुमचं अर्धंच पटलं. वेग काढून टाकू नका. तुम्ही चान्सेलरचं नाव घेतलंत, त्याच्या मागे कोण उभा होता? अर्ल थॉमस, त्याच २०१० च्या ड्राफ्टमधला १४वा. मधल्या सगळ्या मैदानाची राखण तो एकटा करायचा, म्हणून चान्सेलरला पुढे येऊन धावणाऱ्यांवर आदळायची मोकळीक होती. एकट्याने मागे राहणाऱ्याला पाय हवेतच. ते काम वाचन कितीही चांगलं असलं तरी ४.७ वाल्याकडून होत नाही. तेव्हा एक तक्ता दोघांना लावणं हीच चूक आहे. "मागचा" आणि "पुढचा" अशी दोन पानं करा. मागच्याला वेगाचे २०, पुढच्याला ५.

दुसरं, कॉलेजचं मैदान आणि व्यावसायिक मैदान वेगळं आहे हे मुलांना सांगितलंय का? रुंदी दोन्हीकडे १६० फूट. पण आतल्या तुटक रेघा, ज्यांच्यामध्ये बॉल ठेवतात, त्यांतलं अंतर कॉलेजात ४० फूट आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. कॉलेजात बॉल एका रेघेवर असला की एका बाजूला ६० फूट, दुसऱ्या बाजूला १०० फूट. म्हणून पुष्कळ संघ एक सेफ्टी रुंद बाजूला आणि एक अरुंद बाजूला कायमचा ठेवतात. अरुंद बाजूचा पोरगा कमी जागेत राजा दिसतो. एनएफएलमध्ये बॉल जवळपास मधोमध, दोन्ही बाजू सारख्या, मग तोच उघडा पडतो. उलट रुंद बाजूला चार वर्षं राबलेला, आकडे कमी असलेला, तो बरेचदा तुमचं माणिक.

आणि लाइनमनचा (क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत करून उभे राहणाऱ्यांचा) नियम. पास असताना कॉलेजात ते ३ यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये १. लाइनमन पुढे आला की धाव आहे असं समजून कॉलेजचा सेफ्टी पुढे झेपावतो आणि डोक्यावरून पास जातो. अशी फसगत दोनदा दिसली म्हणून पोराला लगेच कापू नका. एनएफएलमध्ये तो सापळा इतका मोठा नसतो.


अण्णा, वेक्सफर्ड:

भाऊ, दोन पानांचं एकदम मान्य. हे मला सुचायला हवं होतं. मागच्याला २० द्या.

पण मग इंटरसेप्शनचे १५ गुणही काढा. एखाद्या वर्षी सहा येतात, त्यांतली दोन दुसऱ्याच्या हाताला लागून उडालेली असतात. पुढच्या वर्षी एक. त्यापेक्षा कॉर्नर खेळलेल्यांना गुण द्या. माइका हाइड आयोवात कॉर्नर होता, २०१३ मध्ये १५९वा. जॉर्डन पॉयर ऑरेगन स्टेटमध्ये कॉर्नर, त्याच ड्राफ्टमध्ये २१८वा, आणि घेतलेल्या संघाने त्याच मोसमात सोडूनही दिला. दोघं २०१७ ला बफेलोत एकत्र आले आणि पुढची काही वर्षं तशी जोडी लीगमध्ये शोधून सापडत नव्हती. कारण कुणीही रिसीव्हर समोर आला तरी दोघांना अंगावर घेता यायचं, म्हणून बॉल सुटेपर्यंत कोण मागे जाणार हे क्वार्टरबॅकला कळत नसे.

बफेलोवरून डमार हॅमलिनचं सांगायलाच हवं. मकीज रॉक्सचा मुलगा, घराजवळ राहायचं म्हणून पिट विद्यापीठ निवडलं, २०२१ मध्ये २१२वा. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीच्या मैदानावर त्याचं हृदय थांबलं, ती रात्र आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. तो पुन्हा खेळला, एवढंच नाही, २०२४ ला मूळ अकरांत होता. त्याला सुरुवातीला संघात ठेवलं कशाने? उशिरा घेतलेल्या सगळ्यांना ठेवतं त्यानेच, किकवर धावून जाऊन टॅकल करण्याने. स्पेशल टीम्सचा, म्हणजे या किकच्या कामाचा, रकाना तुमच्या तक्त्यात नाहीच. सहाव्या-सातव्या राउंडच्या सेफ्टीला पहिलं वर्ष तेच काम मिळतं. ते येत नसेल तर सप्टेंबरमध्ये तो घरी.


काकू, नाट्य समिती:

बापू, केबलबद्दल आभार. एचडीएमआय, ५० फुटी. लहान आणू नका.


युवा समिती:

सगळ्या काका-काकूंना,
रात्री बसून पुन्हा केलं. दोन पानं झालीत. मागचा: वेग २०, कोन २०, बॉल हवेत असतानाचं वाचन २०, बाकीच्यांना जागेवर लावणं १५, उघड्या मैदानातलं टॅकल १५, स्पेशल टीम्स १०. पुढचा: टॅकल ३०, कोन २०, अंगावर रिसीव्हर घेणं २०, जागेवर लावणं १०, स्पेशल टीम्स १५, वेग ५. इंटरसेप्शन नाही. ड्राफ्टमध्ये न घेतलेलाही चालेल, पण नाव शुक्रवारी रात्रीच्या आत बंद पाकिटात द्यायचं, नंतर बदल नाही. गेल्या वर्षीसारखं भांडण नको म्हणून प्रत्येक गुणाच्या पुढे कुठला सामना आणि कितवा क्वार्टर हे लिहायचं. दुसऱ्याला जाऊन तपासता यायला हवं.

भाऊकाका, तुमचं रुंद बाजूचं आम्ही ऑक्टोबरमध्ये डोळ्यांनी बघितलं होतं, तेव्हा कळलं नव्हतं. पिटच्या सामन्याला गोलपोस्टमागची वरच्या मजल्यावरची स्वस्त तिकिटं काढली होती. तिथून सगळे २२ दिसतात. माझ्या वहीत नोंद आहे की एक सेफ्टी सारखा लांब धावतोय आणि त्याच्या नावावर काहीच लागत नाही. मी त्याला कमी गुण दिले होते.

नानाकाका, शनिवारी खडू मी आणतो. ११ जणांनी नावं दिलीत. माईमावशी, दादा त्या आठवड्यात घरी आहे का? ती फिल्म त्याच्याकडे अजून असेल तर मुलांना दाखवाल का? स्नॅपआधी कुणाला कुठे आणि का हलवत होता, ते त्यानेच सांगितलेलं जास्त कळेल.


माई, क्रॅनबेरी:

विचारलं. येतो म्हणाला. लॅपटॉप त्याचाच आणेल, प्रोजेक्टरला हात लावणार नाही. दुपारी १ वाजता, तळघरात.