पुष्कराज घेताना प्रमाणपत्रातील कोणती ओळ आधी वाचावी?

पिवळा_खडा:
आईच्या साठीनिमित्त तिच्यासाठी पुष्कराजाची अंगठी करावी, असे आम्हा भावंडांनी ठरवले आहे. पुण्यातील एका सराफांनी सव्वापाच रत्तीचा, फिकट लिंबासारख्या रंगाचा खडा दाखवला. सोबतच्या कागदावर ‘नैसर्गिक पुष्कराज’ एवढेच छापलेले आहे, तर तो श्रीलंकेचा असल्याचे तोंडी सांगण्यात आले. त्याच दुकानात जवळजवळ तसाच दिसणारा दुसरा खडा निम्म्याहून कमी किमतीला होता आणि तोही नैसर्गिकच असल्याचे सांगितले गेले. दोन्ही नैसर्गिक असतील, तर किमतीत एवढे अंतर का पडावे, आणि पैसे देण्यापूर्वी मी नेमके काय विचारावे?

भिंगवाला:
दोन्ही खडे खरोखर नैसर्गिक असू शकतात. ‘नैसर्गिक’ याचा अर्थ खडा जमिनीत तयार झाला, कारखान्यात नाही, इतकाच होतो. पुढे त्यावर कोणती प्रक्रिया झाली, हे त्या शब्दातून कळत नाही. म्हणून प्रमाणपत्र हाती आले की नावाच्या आधी प्रक्रियेची ओळ वाचावी, आणि ती ओळच नसेल तर तो कागद अपुरा समजावा.

पुष्कराज, नीलम आणि माणिक ही तिन्ही कुरुंद या एकाच खनिजाची रूपे आहेत. खाणीतून निघालेला फिका किंवा धुरकट कुरुंद उच्च तापमानाला तापवला, तर त्यातील रेशमासारख्या सूक्ष्म सुया विरघळतात आणि रंग व पारदर्शकता सुधारते. ही पद्धत व्यापारात रूढ आहे, रंगही टिकतो, आणि ग्राहकाला स्पष्ट सांगितले असेल तर तापवलेला खडा घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. न तापवलेला चांगला खडा दुर्मीळ असल्यामुळे त्याची किंमत बरीच जास्त असते.

खरी काळजी आहे ती बेरिलियम या मूलद्रव्याची. या प्रक्रियेत अतिशय उच्च तापमानाला बाहेरून बेरिलियम खड्यात मुरवून रंगच निर्माण केला जातो. २००० नंतरच्या काही वर्षांत असे खडे बाजारात मोठ्या प्रमाणावर आल्याचे उघड झाले. साध्या भिंगाने हे खात्रीने ओळखता येत नाही, त्यासाठी बेरिलियम मोजणारी उपकरणे लागतात. म्हणून प्रयोगशाळेला ‘तापवलेला आहे का’ इतकेच न विचारता ‘बेरिलियमची तपासणी केली का’ हेही विचारावे. आणखी एक शब्द लक्षात ठेवावा: ‘सुनेला’. सुनेला म्हणजे पिवळा क्वार्ट्झ, कुरुंदाहून वेगळे खनिज. खनिजांच्या १ ते १० या मापावर त्याची कठीणता ७, तर पुष्कराजाची ९. त्याला स्वतःचे सौंदर्य आहे, परंतु तो पुष्कराजाच्या भावाने घेऊ नये.

कॅरट_मोजा:
वजन रत्तीत न घेता कॅरटमध्ये लिहून घ्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एक कॅरट म्हणजे नेमके २०० मिलिग्रॅम. रत्तीचे मात्र तसे नाही. कोणी ती सुमारे १८२ मिलिग्रॅम धरतात, तर कोणी सुमारे १२१. पहिल्या हिशेबाने आपला सव्वापाच रत्तीचा खडा सुमारे ४.८ कॅरट भरेल, दुसऱ्या हिशेबाने जेमतेम ३.२. भाव प्रति कॅरट असल्यामुळे हा फरक लहान नाही.

भिंगवाला:
अगदी योग्य मुद्दा. खडा कोंदणात बसवण्यापूर्वी सुटाच तपासून घ्यावा, कारण जडवल्यानंतर त्याचे वजन थेट करता येत नाही आणि कडा झाकल्या जातात.

पिवळा_खडा:
आपणा दोघांचे मनापासून आभार. सराफांना पुन्हा भेटलो, तेव्हा स्वस्त खडा तापवलेला असल्याचे त्यांनी लगेच मान्य केले. महागाच्या खड्याबाबत मात्र त्यांच्याकडेही लेखी काही नव्हते. दोन्ही खडे तपासणीसाठी मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवण्यास ते तयार झाले आहेत, आणि शुल्क मी भरणार आहे. अहवालात बेरिलियम नसल्याचे निघाले, तर आईसाठी तापवलेलाच खडा घेईन आणि बिलावर ‘तापवलेला’ हा शब्द व कॅरटमधील वजन लिहून घेईन.